महिन्याने यायला सांगितलंय

वरच्या मजल्यावरची अनन्या येरझाऱ्या घालत पाठांतर करते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अकरा पावलं, वळताना एक घासलेलं पाऊल, मग पुन्हा अकरा. छतातून ती पावलं ऐकू यायला लागली की मला कळतं, बोर्डाच्या परीक्षा आल्या. मी खाली लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत असते. माझी शेवटची परीक्षा होऊनही आता काही वर्षं झाली. तरी उद्या माझाच पेपर असल्यासारखं वाटतं.

भोपाळमध्ये हा मोसम धड थंडीचा नसतो, धड उन्हाळ्याचाही नसतो. सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी तो कमरेला बांधून परत येतो. साकेत नगरातल्या गल्ल्यांत झाडू मारणाऱ्या बायका वाळक्या पानांचे ढीग करतात आणि वारा ते मोडून टाकतो, रोज, दोन्ही बाजूंनी न कंटाळता. कचनार फुललेला असतो. आई बिट्टन मार्केटच्या हाटातून हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या आणते. ते सोलताना नखांत जो आंबट, हिरवा वास बसतो तो साबणाने जात नाही. माझ्या बारावीच्या पुस्तकांना तो वास होता. केमिस्ट्रीच्या पुस्तकात तर एका पानावर हिरवा अंगठाच उमटला होता. त्या वर्षाचं काहीही आठवायला गेले की आधी तो वास येतो आणि मागून श्रावणकाका येतात.

आमचं घर मोठ्या इस्पितळापासून दोन गल्ल्या आत आहे. बाबा कारखान्यात टेक्निशियन, नाशिकहून बदलीवर आलेले आणि मग इथलेच झालेले. बैतूल, मुलताई, छिंदवाडा या बाजूला पुष्कळ मराठी माणसं आहेत. त्यांच्यातलं कोणी आजारी पडलं की ते भोपाळला येतात. नेहरू नगरात राहणाऱ्या पुष्पामावशी मराठी मंडळाचं काम बघायच्या, त्या अशा लोकांना आमचा नंबर देत. फोन यायचा, "पुष्पाताईंनी नंबर दिला, आम्ही गेटापाशी उभे आहोत." मग बाबा स्कूटर काढायचे. हॉलमध्ये एक घडीची खाट कायम भिंतीला टेकवलेली असायची. कोणी दोन दिवस राहायचं, कोणी पंधरा.

आईचा एकच नियम होता. आलेल्या माणसाला काय झालंय हे विचारायचं नाही. चहात साखर किती, ते विचारायचं. "दिवसभर तिकडे दहा जण तेच विचारतात त्यांना," ती म्हणायची. "इथे तरी नको."

बाबांचा विनोदही ठरलेला होता. कामावरून आले, दारात अनोळखी चपला दिसल्या, की आत येऊन हळूच मला विचारायचे, "आजचा एपिसोड कुठून आलाय?"

हा विनोद माझ्यावर होता. बारावीच्या त्या मोसमात मी एक मालिका बघत होते, जुनी, कुठल्याशा परदेशातली, हिंदीत डब केलेली. एक भाऊ आणि एक बहीण एका निळ्या व्हॅनमधून गावोगाव फिरतात. प्रत्येक भागात नवं गाव, नवा अनोळखी माणूस, त्याची एक अडचण. चाळीस मिनिटांत ती सुटते. शेवटी तो माणूस रस्त्यात उभा राहून हात हलवतो आणि व्हॅन वळणावर दिसेनाशी होते. मी रोज दोन धडे झाले की एक भाग, असा नियम केला होता आणि तो दुपारपर्यंत मोडलेला असायचा.

मला काय आवडायचं त्यात, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता वाटतं, त्या लोकांना पहिल्या दहा मिनिटांतच कळायचं की समोरच्याला काय हवंय. मला कधीच कळायचं नाही. शाळेत मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे आणि सगळ्यांकडे बघायचे. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या डब्यात रोज तेच असतं, हे मला न सांगता कळायचं. पण कळून पुढे करायचं काय, हा भाग माझ्याकडे नव्हता. घरी येणाऱ्या पाहुण्यांसमोर तर मी पाण्याचा ग्लास ठेवून दिसेनाशी व्हायचे.

फक्त एका कामासाठी मला हाक यायची. इस्पितळाचे कागद इंग्रजीत असत. ते मी वाचून मराठीत सांगायचे. "आमची इंग्लिश मीडियम कुठंय?" बाबा ओरडायचे. मी जायचे, ओळीखाली बोट ठेवून वाचायचे आणि एकेका वाक्याचा अर्थ सांगायचे. लोक माझ्या बोटाकडे बघत. त्या चार मिनिटांत मी लाजरी नसायचे. कारण बोलणं माझं नसायचं, कागदाचं असायचं.

श्रावणकाका आणि कौसल्याकाकू मुलताईजवळच्या गावातून आले ते फेब्रुवारीच्या शेवटी. माझा इंग्रजीचा पेपर चार दिवसांवर होता. काकांची पिठाची गिरणी होती. त्यांना पुष्कळ वर्षांची शुगर होती आणि उजव्या पायाची जखम दिवाळीपासून बरी होत नव्हती. काकू आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि आईच्या कणकेत हात घालून म्हणाल्या, "ताई, हे पीठ कोण दळलं तुमचं? जाडं आहे. यायले दाखवू नका, रात्रभर झोपणार नाहीत."

"पाहू दे, पाहू दे," काका हॉलमधून म्हणाले. चिमूटभर पीठ दोन बोटांत चोळून त्यांनी मान हलवली. "पाटा घासला आहे त्याचा. टाकी लावाले सांगा."

दुपारी आई आणि काकू बोलत बसायच्या. काकांना बाहेर ऊन सोसायचं नाही म्हणून ते माझ्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. मी पुस्तकाआड फोन लावलेला त्यांनी दुसऱ्याच दिवशी पकडला.

"हा कोणता विषय आहे?"

मी फोन उलटा केला.

"लपवू नको, पोरी. मी काय मास्तर आहे? मलेही दाखव."

मग आम्ही दोघं बघायला लागलो. काका प्रत्येक भागात नको ते विचारायचे. "या दोघांले पोटापाण्याले काय आहे? रोज गाडी फिरवते, डिझल कोण भरून देते?" किंवा, "यायची माय कुठी आहे? दोन दोन लेकरं बाहेर फिरते, माय फोन नाही करत?" मी हसून लोळायचे. इतकं मी अनोळखी माणसासमोर कधी हसले नव्हते.

एका भागात एक विधवा बाई होती, तिचा दवाखान्यातला मुलगा, तिचं जळालेलं दुकान. भावंडांनी दुकान उभं करून दिलं आणि निघून गेली. पुढचा भाग मी लावला तेव्हा काका पुढे वाकून बघत राहिले.

"ती बाई कुठी आहे?"

"ती गेली, काका. या भागात दुसरं कोणीतरी असणार."

"म्हणजे तिचं पोरगं बरं झालं का नाही?"

"ते नाही दाखवत."

"कोणीच जात नाही पाहाले?"

"नाही."

"हात्तिच्या," काका म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. "मग ही मदत झाली का धावपळ?"

मला तो प्रश्न थोडा अडाणीपणाचाच वाटला होता, हे लिहायला हवं. गोष्टीला शेवट असतो, शेवटानंतर काय असणार?

इस्पितळातली तपासणी झाली त्या दिवशी आई घरी अडकली होती, म्हणून त्यांच्याबरोबर मी गेले. डॉक्टरांच्या खोलीत काकांना एकट्यालाच बोलावलं. काकू खिडकीवर औषधाच्या रांगेत होत्या. काका बाहेर आले, कागद घडी करून खिशात ठेवला आणि माझ्याबरोबर बाहेरच्या बाकापर्यंत चालत आले. तेव्हा मी बघितलं, त्यांच्या उजव्या पायात चप्पल नव्हती. वीस पावलं मागे, दाराशी, ती तशीच उलटी पडली होती. काकांना कळलं नव्हतं. भर दुपारच्या तापलेल्या फरशीवर ते तो पाय टेकवून उभे होते आणि माझ्याशी केमिस्ट्रीबद्दल बोलत होते.

मी जाऊन चप्पल आणली आणि त्यांच्या पायापाशी ठेवली. त्यांनी चपलेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काकूले सांगू नको," ते म्हणाले.

मग त्यांनी कागद काढून माझ्या हातात दिला. मी मनात वाचला. पायाची दोन बोटं काढावी लागणार होती. सोमवारी भरती व्हायचं होतं. उशीर केला तर जखम वर सरकू शकते, असंही लिहिलेलं होतं.

"मोठीचं लग्न आहे," काका म्हणाले. "अठरा दिवस राहिले. हे काकूले समजलं तर ते लग्न पुढे ढकलते. मुलाकडचे कसे आहेत ते मले माहीत आहे. आणि मले, पोरी, मांडवात माह्या दोन्ही पायांवर उभं राहायचं आहे. एवढंच. लग्न झालं की मी स्वतःहून येतो, दोन काढा नाही तर पाच काढा. काकू तुलेच कागद वाचाले लावतील. तू सांगजो, महिन्यानं यायला सांगितलं आहे."

मी म्हणायला हवं होतं, आईला विचारते. मी म्हणायला हवं होतं, काका, आपण डॉक्टरांनाच विचारू, अठरा दिवस थांबलं तर चालेल का. ही दोन्ही वाक्यं मला संध्याकाळी सुचली. त्या क्षणी मला फक्त एवढं जाणवलं की एक माणूस माझ्यासमोर उभा आहे, त्याने त्याला काय हवंय ते स्पष्ट शब्दांत सांगितलंय, आणि ते माझ्या हातात आहे. आयुष्यात पहिल्यांदा. मला भीती वाटली असं म्हटलं तर अर्धं खरं होईल. त्यात आनंदही होता.

घरी परतल्यावर काकू गॅलरीत मेथी निवडत बसल्या. काका दाराला टेकून उभे राहिले. मी काकूंच्या शेजारी बसले, कागद उलगडला, सोमवारच्या ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "महिन्याने यायला सांगितलंय."

"महिन्यानं?" काकूंच्या हातातली काडी थांबली. "एवढ्या लांब?"

"हो."

"लिहिलं आहे तसं?"

"हो."

काकूंनी माझ्या बोटाकडे बघितलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी त्या थोडा वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चला, मग लग्न तर निघते," आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. जरा वेळाने त्या गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने ते गेले. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पहिला नंबर काढजो." व्हॅनसारखीच रिक्षा गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. मी गॅलरीतून हात हलवला. गोष्टीत हात हलवणारा माणूस तो असायचा, ज्याला मदत झालेली असते. मीच का हात हलवतेय, असं मला वाटून गेलं आणि मी हात खाली घेतला.

परीक्षेचे ते दिवस मला धड आठवत नाहीत. फिजिक्सच्या पेपरला एका गणितात मी तेच उत्तर तीनदा खोडून तीनदा लिहिलं. मध्येच वाटायचं, आईला सांगावं. मग वाटायचं, पाय काकांचा आहे, तो कधी कापायचा हे ठरवायचा हक्क त्यांचा नाही तर कोणाचा? मग वाटायचं, काकूंचाही थोडा असेल. आणि मग वाटायचं, हे सगळं ठरवायला मी कोण? मालिका बघणं मी सोडून दिलं. आईला वाटलं, अभ्यासात लक्ष लागलं.

लग्नाचा फोटो बाबांच्या फोनवर आला. काका मांडवात उभे होते, डोक्याला फेटा, पायात नवे काळे बूट. मी तो फोटो बोटांनी मोठा करत करत बुटांपर्यंत नेला. बुटांत काय दिसणार? काका हसत होते. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी पुष्पामावशींचा फोन आला. काका भरती झाले होते. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

ते घरी परतण्याआधी पुन्हा आमच्याकडे राहिले. बाबा या वेळच्या, दुसऱ्या डॉक्टरांना भेटून आले होते. "आधी आले असते तर दोन बोटांवर भागलं असतं, म्हणाले ते," बाबा आईला सांगत होते. "मी विचारलं, नक्की? तर म्हणाले, कदाचित. शुगरचं नक्की काही सांगता येत नाही." तो 'कदाचित' मी तेव्हापासून सांभाळून आहे. कधी तो मला वाचवतो. कधी रागाने वाटतं, डॉक्टरांनी सरळ हो तरी म्हणायचं होतं किंवा नाही तरी.

काकू हॉलमध्ये बोलत होत्या, "महिना सांगितला मेल्यानं. डॉक्टर आहे का गवंडी? आणि तो कागदही यायच्यानं हरवला, नाही तर तोंडावर फेकला असता त्याच्या." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. काकांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ते सांगतील. ते म्हणाले, "आण पोरी, चहा थंड होते."

नंतर, काकू आंघोळीला गेल्यावर, ते अगदी हळू म्हणाले, "उभा होतो बरं का. शेवटच्या अक्षतेपर्यंत." मी मान हलवली. त्यांनी आभार मानले की माफी मागितली, ते मला अजून उमगलेलं नाही.

ते गेले दोन वर्षांपूर्वी, हार्टने. पायाचा त्याच्याशी संबंध नव्हता असं सगळे म्हणाले. मी कोणाला विचारलं नव्हतं, तरी म्हणाले.

आणि यंदा, अनन्याच्या येरझाऱ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात, कौसल्याकाकू एकट्या आल्या. बारीक झाल्या होत्या. घडीची खाट आता गच्चीच्या जिन्याखाली असते. बाबांनी ती काढून पुसली. बाबा आता रिटायर झालेत, आणि एपिसोडचा विनोद त्यांनी केला नाही. आईने विचारलं, "चहात साखर?" काकू म्हणाल्या, "अर्धा चमचा, नावापुरती."

काय झालंय हे त्यांनी तिसऱ्या दिवशी स्वतःच सांगितलं. छातीत गाठ होती. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी समोर बसवून हिंदीत सगळं समजावलं होतं: सोमवारी भरती व्हा, ऑपरेशन करू, अजून वेळ आहे पण फार नाही. मी संध्याकाळी लॅपटॉप बंद करून बाहेर आले तेव्हा काकू पिशवी भरत होत्या.

"कुठे निघालात?" आई म्हणाली.

"गावाले. उद्याची गाडी आहे."

"आणि सोमवार?"

"सोमवारचं काय घेऊन बसल्या, ताई. याच लोकायनं तेव्हा महिना सांगितला होता. जखम वाहते, माणूस लंगडते, आणि म्हणे महिना! आमचा पाय गेला. आता म्हणते सोमवार. यायच्या लवकरले काही अर्थ नाही आणि उशिरालेही नाही. माहा भरवसाच उडाला. आमच्याकडे एक वैद्य आहे, त्याले दाखवीन."

आई त्यांना समजावत होती. बाबांनीही दोन शब्द सांगितले. काकू साडीच्या घड्या करत होत्या आणि मान हलवत होत्या. सात वर्षं मी ज्या गोष्टीला एक संपलेला भाग समजत होते, ती गोष्ट आमच्या हॉलमध्ये बसून पिशवी भरत होती. आणि त्या पिशवीबरोबर काकू निघून जाणार होत्या.

"काकू," मी म्हणाले, "डॉक्टरांनी महिना नव्हता सांगितला."

"कोणी?"

"तेव्हा. कागदावर सोमवारच होता. दोन बोटांचं लिहिलं होतं. मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं."

स्वयंपाकघरात आईने गॅस बंद केल्याचा आवाज आला. काकूंच्या हातात अर्धी घडी केलेली साडी होती. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण ओळख नसल्यासारख्या.

"काहून?"

इथे मी अडकले. मला अगदी स्पष्ट दिसत होतं की इथे आणखी एक खोटं बोलता येईल, आणि ते चांगलं खोटं असेल. मीच चुकले, मला नीट वाचता आलं नाही, घाईत होते, परीक्षा होती. सगळं माझ्यावर घेतलं तर काकांचं नाव निघणार नाही. गेलेल्या माणसाला कशाला ओढायचं? मालिकेतल्या बहिणीने हेच केलं असतं आणि आपण टाळ्या वाजवल्या असत्या. पण काकूंच्या वतीने मी एकदा परस्पर ठरवलं होतं. आणि बरोबर काय, चूक काय, हे मला तेव्हाही कळत नव्हतं आणि या संध्याकाळीही कळत नव्हतं. म्हणून जे झालं होतं ते मी सांगितलं.

"काकांनी सांगितलं होतं. त्यांना लग्नात उभं राहायचं होतं. तुम्ही लग्न पुढे ढकलाल म्हणाले."

"ढकललंच असतं!" काकूंचा आवाज एकदम चढला. "ढकललंच असतं मी. पोरीले दुसरा नवरा भेटला असता, त्यायले दुसरा पाय भेटला का?" मग आवाज खाली आला. "म्हणजे तुम्ही दोघायनं मिळून ठरवलं. आणि मी मेथी निवडत होती."

मेथी त्यांनाही आठवत होती.

"सात वर्षं त्या डॉक्टरले शिव्या घातल्या मी," त्या म्हणाल्या. "रोज, दिवा लावताना. आता तो काय म्हणत असेल?" हे हसण्यासारखं होतं, पण कोणी हसलं नाही. त्यांनी साडी तशीच पिशवीत कोंबली. "ताई, मले पुष्पाताईकडे सोडून द्या. इथं नाही राहात मी."

बाबा स्कूटर काढायला गेले. आई दारापर्यंत गेली आणि परत आली. मग ताटं घेताना मला म्हणाली, "मी म्हणायचे ना, विचारायचं नाही. विचारलं असतं मी त्यांना तेव्हा, पायाचं काय म्हणाले, तर कदाचित..." आणि थांबली. आईच्या तोंडून तो शब्द ऐकून मला रडू आलं. तिच्या नियमावर मी वाढले होते. तो चांगला नियम होता, अजूनही वाटतं. मग तो कुठे चुकला?

रविवारी सकाळी आईचा फोन वाजला. काकूंचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता, त्या फोनवर नेहमीच ओरडून बोलतात. "पोरीले पाठवा. गेटासमोरच्या मेडिकलपाशी. मी कागद आणते."

मी गेले. काकू दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या. पुष्पामावशींची शाल अंगावर होती. माझ्याकडे न बघता त्यांनी कागद पुढे केला.

"वाच."

मी वाचला. सगळा. वरची तारीख, नाव, वय, गाठ कुठे आहे, किती मोठी आहे, तपासणीत काय निघालं. ज्या शब्दाचा अर्थ मला नीट येत नव्हता, तिथे मी थांबून म्हणाले, "हे मला कळत नाही." मग शेवटची ओळ. बोट आपोआप तिच्याखाली गेलं. "सोमवारी सकाळी सात वाजता भरती व्हायचं आहे. उपाशीपोटी. आठ दिवसांपेक्षा जास्त उशीर करू नये."

"झालं?"

"झालं."

काकू उठल्या, कागद माझ्या हातून घेतला आणि काउंटरवर दुकानदारासमोर ठेवला. "भैया, ये पढ़ के बताओ. पूरा."

दुकानदाराने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि एकेक ओळ हिंदीत सांगायला सुरुवात केली. त्याचं सांगणं आणि माझं सांगणं जुळत होतं. पण काकू कागदाकडे बघत नव्हत्या, त्याच्याकडेही नाही. पूर्ण वेळ त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला नजर खाली घालावीशी वाटत होती. मी घातली नाही. त्यांना त्यात काय दिसलं, मला माहीत नाही.

"मंडे को भर्ती होना है, अम्मा," दुकानदार म्हणाला. "सुबह सात बजे, खाली पेट. टालना मत."

काकूंनी कागदाची घडी केली आणि स्वतःच्या पिशवीत ठेवली.

"कल वहाँ और कागज़ देंगे," त्या त्याला म्हणाल्या. "पहले ये लड़की पढ़ेगी. फिर तुम्हारे पास लाऊँगी. दोनों का एक निकला, तो ही अंगूठा लगाऊँगी."

"ले आना, अम्मा. पर मेरी दुकान नौ बजे खुलती है."

काकूंनी बोटांवर तास मोजले. रस्त्यावरून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

"सातपासून नऊ," त्या शेवटी म्हणाल्या, आणि पायरी उतरताना हात माझ्या खांद्यावर टेकवला, आधाराला टेकवतात तसा, जड. "चल. दोन तास तुह्यावरच भागवावं लागते."